ताझीरची वही

१

वही गेली हे परकारचाचांच्या बोटांना आधी कळलं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे कपाटातली प्रत्येक वस्तू ते हातानंच ओळखत. त्या बुधवारी दुपारची नमाज आटोपून त्यांनी दाराआडच्या खिळ्यावरची किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि वरच्या फळीवर हात फिरवला. कुराण जागेवर होतं. अत्तराची कुपी होती, जुन्या पासपोर्टांची चळत होती. हिरव्या फडक्यात बांधलेली वही तेवढी नव्हती.

चाचांनी पोलिसांना फोन केला नाही. त्यांनी प्रबोध आगाशेला केला.

प्रबोध तेव्हा सिंगापूरच्या तुआस भागातल्या एका गोदीत फुटलेल्या बॉयलरशेजारी उकिडवा बसला होता. जहाजावर अपघात झाला की तो कशामुळे झाला हे शोधून काढायचं, हा त्याचा धंदा. पंचवीस वर्षांपूर्वी तो शिकाऊ इंजिनियर होता आणि परकारचाचा त्याच जहाजावर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे म्होरके. पहिल्याच वादळात प्रबोध आडवा झाला, तेव्हा त्याला आल्याचा रस चाटवून चाचांनी उभं केलं होतं. त्यामुळे त्यांचा फोन आला की तो हातातलं काम टाकून निघत असे.

जलान बसारच्या एका शॉपहाउसचा, म्हणजे खाली दुकान असलेल्या जुन्या इमारतीचा, वरचा मजला म्हणजे बाणकोटवाल्यांची खोली. खाडीपट्ट्यातले मुसलमान खलाशी पुढचं जहाज मिळेपर्यंत इथं उतरायचे. २००७ साली गर्दी पूर्वीसारखी नव्हती, तरी खोली चालू होती आणि चाचा तिचे वडीलधारे होते. तरुणपणी पाच वर्षं मदरशात शाफई पंथाचा इस्लामी कायदा शिकलेले. खलाशांच्या हातून काही वावगं घडलं, की ते आपण होऊन चाचांसमोर येऊन बसत, कबूल करत आणि शिक्षा मागून घेत. चाचा ती वहीत मराठीत लिहून ठेवत.

"काही गुन्ह्यांची शिक्षा किताबात ठरलेली असते, तिला हद्द म्हणतात," चाचांनी त्याला कधीतरी समजावलं होतं. "बाकीच्यांची ठरलेली नसते. माणूस बघून, गुन्हा बघून काझीनं ठरवायची. नुसतं रागानं बघणंही शिक्षा होऊ शकते. ती ताझीर. पण मी काझी नाही हां. बापानं, मास्तरानं, सारंगानं आपल्या माणसाला वळण लावावं, एवढीच मला मुभा."

खलाशी मात्र तिला ताझीरची वहीच म्हणत.

"कोणाकोणाचं काय काय लिहिलंय त्यात?" प्रबोधनं विचारलं.

"ते नाही सांगायचं."

"चाचा, ते कळल्याशिवाय कोणाला ती नकोशी झाली होती हे मी कसं ओळखू?"

"माणसानं आपला गुन्हा माझ्यापाशी झाकून ठेवलाय. तो उघडा केला तर मीच गुन्हेगार. तू वही शोध. आतलं विचारू नको."

प्रबोध चिडला. बॉयलरसुद्धा फुटला तर कुठून फुटला ते दाखवतो.

"मग घाई कसली आहे, तेवढं तरी सांगा."

चाचांनी जपमाळेचे दोन मणी ओढले. "शनिवारी एक मुलगी येणार आहे. लियाकत हमदुलेची नफिसा. तिला त्यातलं एक पान वाचायचंय. बापाचं."

२

लियाकतचं नाव प्रबोधनं ऐकलं होतं. १९८८ साली बंदरात एका जहाजावर विंचचा, म्हणजे माल उचलायच्या यंत्राचा, दोर सुटून एका खलाशाचा हात गेला होता. विंचवर लियाकत होता, तोही दारू पिऊन, असं म्हणत. त्यानंतर तो कुठल्याशा भटक्या मालवाहू जहाजावर चढून गेला आणि दूरच्या बंदरात तापानं वारला. त्याची मुलगी आता नर्स झाली होती आणि सिंगापूरच्या एका रुग्णालयात रुजू होण्यासाठी येत होती. येण्याआधी तिनं चाचांना मराठीत पत्र लिहिलं होतं.

"पत्र तुम्हाला कोणी वाचून दाखवलं?"

"हमीदनं. सोमवारी. माझी सगळी पत्रं तोच वाचतो."

"आणि वही शेवटची कधी हाताला लागली?"

"सोमवारीच. पत्र ऐकलं, मग वही काढून उराशी घेऊन बसलो थोडा. परत ठेवली, कुलूप लावलं."

सोमवार ते बुधवार खोलीत एकही खलाशी उतरलेला नव्हता. ये-जा होती ती फक्त तिघांची. स्वयंपाक करणारी रोकिया, सोमवारी आणि मंगळवारी आलेला हमीद मुकादम, आणि मंगळवारी येऊन गेलेला दीपेश.

दीपेश जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या कंपनीत होता. गुरुवारी सकाळी प्रबोधनं त्याला बुकित पंजांगला, त्याच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये गाठलं.

"मला त्या फाइलीशी काय करायचंय?" दीपेश म्हणाला.

"कुठल्या खलाशाला दारूची सवय आहे, कोण मारामाऱ्या करतो, हे सगळं त्यात लिहिलेलं असणार. तुझ्या कंपनीला उपयोग नाही?"

"आगाशेसाहेब, आमच्याकडे खलाशांची रक्ततपासणी होते. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षांपूर्वी काय लिहिलं त्याला कोण विचारतंय? मी मंगळवारी एका माणसाचा पासपोर्ट न्यायला गेलो होतो. चाचांनीच कपाट उघडून हातात दिला. खरं सांगू? तिथं असली फाइल आहे हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय."

तो दोनदा फाइल म्हणाला. ते फडक्यात बांधलेलं बाड त्यानं पाहिलेलंच नसावं. पण नसावं म्हणजे नव्हतं असं नाही, आणि तेवढ्यावर एखाद्याला सोडून देणं प्रबोधला पटत नव्हतं.

हमीद मुकादम बंदरात नांगरून पडलेल्या जहाजांना भाजीपाला, दोर, साबण अशी रसद पुरवायचा. पन्नाशीचा, नीटनेटका, खोलीचा विश्वस्त. चाचांच्या गुरुवारच्या कायद्याच्या वर्गात पुढं बसणारा. त्यानं चहा मागवला, प्रबोधच्या मुलीची चौकशी केली आणि कुठल्याही प्रश्नाला नाही म्हटलं नाही.

"मुलगी येतेय हे तुम्ही कोणाला बोललात?"

"रोकियाला. जेवायला माणूस वाढणार म्हणून. बाकी कोणाला नाही."

"वही कोणी घेतली असेल?"

"घेतली कशाला म्हणता? चाचांना आता दिसत नाही. वही कुठंही पडलेली असायची. पडली असेल, गेली असेल."

"कपाटाला कुलूप होतं."

हमीदनं कपातला चमचा काढून बशीत ठेवला. "चाचांना आठवतं तसं ते सांगतात," तो म्हणाला.

प्रबोध तिथून उठला तो हात हलवत. तीन माणसं, आणि त्यातल्या एकाचंही कारण त्याला कळणार नव्हतं, कारण ते कारण वहीत होतं. जिन्यातच त्याचा मोबाइल वाजला. चाचा होते.

"ये तू. शोधणं बंद कर. रोकियानं कबूल केलंय."

३

रोकिया मकचिक, म्हणजे रोकियामावशी, साठीची मलय बाई. अठरा वर्षं ती या खोलीत रांधत होती आणि स्वयंपाकघरामागच्या कोठीत राहत होती. प्रबोध पोचला तेव्हा ती लसूण सोलत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मीच दिली," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "टेबलावर होती. जुना कागद वाटला. कारुंग गुनी आला, त्याला दिली."

कारुंग गुनी म्हणजे भोंगा वाजवत गल्लोगल्ली फिरणारा रद्दीवाला.

"टेबलावर? कपाटात नाही?"

"टेबलावर. हिर्झमध्ये नव्हती, एन्चिक. चाचा मला जी ताझीर देतील ती मी घेईन."

एन्चिक म्हणजे साहेब, एवढं प्रबोधला माहीत होतं; हिर्झ हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता. तो विचारणार इतक्यात रोकिया उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरचं कालचं पान तिनं फाडलं आणि ते कचऱ्यात न टाकता फळीवरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सरकवलं. खोकं अशा पानांनी भरलेलं होतं.

"हे कशाला साठवता?"

"जावी अक्षरं आहेत, अरबी वळणाची. कुठंतरी अल्लाचं नाव असतं. पायदळी नको जायला. भरलं की नदीत सोडते."

बाहेर चाचा गादीवर बसले होते. त्यांनी रोकियाला हाक मारली, पुन्हा असं करू नको म्हणाले आणि जायला सांगितलं. झाली शिक्षा.

"चाचा, तुमच्या वहीत वर काय लिहिलेलं असायचं?" प्रबोधनं विचारलं.

"प्रत्येक पानावर बिस्मिल्ला. अरबीत."

"आणि जी बाई कॅलेंडरचं पानसुद्धा कचऱ्यात टाकत नाही, तिनं ती वही रद्दीवाल्याला दिली?"

चाचांनी जपमाळ हातात घेतली.

"कुलूप तुम्ही लावलं होतं. कालच सांगितलंत."

"म्हातारा माणूस. विसरलो असेन."

"तुम्ही विसरलेला नाहीत. ती बाई खोटं बोलतेय, तुम्हाला ते माहीत आहे, आणि तरी तुम्ही तिला माफ करून मोकळे झालात. मग मला कशाला बोलावलंत? माझं एक अख्खं जहाज तिकडं खोळंबलंय."

चाचांनी मान खाली घातली. प्रबोधनं बूट घातले. दारात पोचल्यावर त्याला तो शब्द आठवला.

"हिर्झ म्हणजे काय?"

चाचांच्या हातातली माळ थांबली. "कोण बोललं तुला?"

"रोकिया."

"हिर्झ म्हणजे सुरक्षित जागा. कुलपातली, राखणीतली." चाचा एकेक शब्द तोलून बोलू लागले. "तिथून चोरलं तरच चोरीची हद्द लागते. हात तोडायची. वस्तू उघड्यावर असेल, किंवा ज्याला घरात मोकळी वाट आहे अशानं उचलली असेल, तर हद्द सुटते. मग फक्त ताझीर. काझीला वाटलं तर तीही माफ."

"रोकिया तुमच्या वर्गात बसते?"

"ती तेव्हा भात टाकत असते," चाचा म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

४

क्वीन्सटाउनच्या आपल्या फ्लॅटमध्ये शुक्रवारी सकाळी प्रबोध चहा गार करत बसला. त्याची बायको संजीवनी शाळेत शिकवायची. डबा भरता भरता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पण या देशात चोरीला हात तोडत नाहीत," ती म्हणाली. "मग हद्द लागते की नाही याची काळजी कोणाला?"

"तेच म्हणतोय मी. पोलिसांना भिणारा माणूस म्हणेल, मी घेतली नाही. हा म्हणतोय, घेतली पण उघड्यावरची घेतली. त्याला कोर्टाची भीती नाही. तो वर्गात शिकलेला कायदा स्वतःला लावून बघतोय. आपला गुन्हा लहान कसा होईल ते बघतोय. आणि तेच वाक्य त्यानं रोकियाकडून म्हणवून घेतलं."

"म्हणजे दीपेश नाही."

"दीपेशला हिर्झ हा शब्द माहीत असायचं कारण नाही. काल हमीदच मला म्हणाला, वही कुठंही पडलेली असायची. रोकियाचं टेबल नंतर आलं. मुलगी येणार हे त्याला सोमवारीच माहीत होतं, पत्र त्यानंच वाचलं. आणि घरात मोकळी वाट त्याच्याइतकी कोणाला आहे?"

"मग वही त्याच्याकडंच असेल."

प्रबोध कप ठेवून उभा राहिला. वर्गात पुढं बसणारा माणूस बिस्मिल्ला लिहिलेली वही जाळणार नाही, फाडणारही नाही. तोही ती रोकियासारखी पाण्यातच सोडेल. आणि हमीदची लाँच रोज समुद्रात जाते.

दुपारी तो मरीना साउथ पिअरवर पोचला तेव्हा हमीदची लाँच धक्क्याला लागत होती. रिकाम्या करंड्या उतरत होत्या. मागून हमीद उतरला. हातात काही नव्हतं.

"उशीर झाला तुम्हाला," तो म्हणाला. "मंगळवारीच सोडली. फडक्यात दगड बांधून."

प्रबोधला संताप आला. तीन दिवस तो जी वस्तू शोधत होता, ती त्याला बोलावण्याच्या आदल्या दिवशीच तळाला गेली होती.

"रोकियाला मध्ये का ओढलंत?"

"तिला म्हटलं, पोलीस आले तर खोली बंद होईल, तू कुठं जाशील? चाचा तुला माफच करतील." हमीद एका करंडीवर टेकला. "केलं ना माफ?"

"केलं. तुमच्या पानावर काय होतं?"

"तुम्हाला चाचा बोलले असतील."

"एक अक्षर बोलले नाहीत. मी रागावलो, ओरडलो. तुमचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही."

हमीदनं त्याच्याकडं नीट पाहिलं, हा खोटं बोलतोय का ते बघण्यासाठी. माणसं करंड्या उचलून गेली.

"विंचवर मी होतो," तो म्हणाला. "प्यायलो मी होतो. लियाकत मला बाजूला करायला आला आणि दोर सुटला. चाचांना मी उलटं सांगितलं. दुसरं कोणी बघणारं नव्हतं."

५

शनिवारी सकाळी नफिसा यायच्या आधी प्रबोध खोलीवर गेला आणि चाचांसमोर बसला.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं," चाचा म्हणाले. "चौऱ्याण्णव साली हमीदनं माझ्यापाशी कबूल केलं. मी लियाकतच्याच पानामागं लिहिलं, बाणकोटला जाऊन लियाकतच्या बायकोला खरं सांग. तो गेला नाही. दरसाल बोलायचा, पुढच्या साली जातो."

"आणि तेरा वर्षं तुम्ही गप्प."

"त्याचं झाकलेलं मी कसं उघडू? म्हणून तुला बोलावलं. तू तुझ्या अकलेनं शोधलंस तर माझी जीभ बाटत नव्हती."

"म्हणजे तुमच्या जिभेसाठी मला राबवलंत. आणि रोकियाला चोर ठरू दिलंत."

"होय," चाचा म्हणाले.

भांडायला काही उरलं नाही, याचाच प्रबोधला जास्त राग आला.

नफिसा अकराला आली. बावीस वर्षांची, अंगानं बारीक, खांद्याला मोठी पर्स. तिनं सलाम केला, चटईवर बसली आणि म्हणाली, "चाचा, पान दाखवा."

उत्तर हमीदनं दिलं. तो दाराशी उभा होता. पिअरवर सांगितलं तेच त्यानं पुन्हा सांगितलं. वही कुठं गेली तेही सांगितलं.

नफिसानं चाचांना विचारलं, "माझ्या बापाची शिक्षा काय होती?"

"चाळीस दिवस त्याला कोणी सलाम करायचा नाही. कोणी बोलायचं नाही." चाचांचे हात गुडघ्यांवर होते. "दारूची हद्द लावायला साक्षीदार दोन लागतात. एकच होता. शक असेल तर हद्द सुटते. पण ताझीर एका साक्षीवरही देता येते, असं मी शिकलो होतो. म्हणून मला वाटलं, मी थोडक्यात सोडतोय. एकतिसाव्या दिवशी तो निघून गेला."

"गावात कोणी कळवलं?"

"इथल्या पोरांनी पत्रं लिहिली. मी थांबवलं नाही."

"गावानं माझ्या आईशी बोलणं सोडलं," नफिसा म्हणाली. "विहिरीवर बायका बाजूला व्हायच्या. माझ्या आत्याच्या लग्नाला आम्हाला बोलावणं नव्हतं. तुम्ही चाळीस दिवस ठरवलेत, चाचा. आईला एकोणीस वर्षं झाली. हा आकडा कुठल्या किताबात आहे?"

रोकिया पाणी घेऊन आली होती. तिला मराठी कळत नव्हतं, तरी ती पेला धरून तशीच उभी राहिली.

"अल्लाचा गुन्हा काझी माफ करू शकतो," चाचा म्हणाले. "पण माणसाचा हक्क मारला असेल तर माफी त्या माणसाच्याच हातात. हमीदला काय द्यायचं ते तू बोल. आणि मला काय, तेही."

नफिसानं हमीदकडं पाहिलं. "तुम्ही बाणकोटला जायचं. जुम्याच्या नमाजीनंतर सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं. मग आमच्या दारात येऊन आईला सांगायचं. पुढच्या साली नाही. या महिन्यात."

हमीदनं मान हलवली.

"आणि मला?" चाचांनी पुन्हा विचारलं.

"तुम्हाला माझ्याकडून काही मिळणार नाही," ती म्हणाली. "शिक्षा भोगून मोकळं व्हायचंय तुम्हाला. मला ते करायचं नाहीये."

तिनं रोकियाच्या हातातला पेला घेतला, पाणी प्यायली आणि निघाली. प्रबोध तिला जिन्याखालपर्यंत सोडायला गेला. ती एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनाकडं वळली आणि त्यानं वर बघितलं तर खिडकीत चाचा उभे होते, ज्यांना इतक्या लांबचं काही दिसत नव्हतं.

६

हमीद खरंच गेला.

तीन आठवड्यांनी, ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत, नफिसानं प्रबोधला फोन केला. मशिदीत हमीद उभा राहिला, बोलला. कोणी त्याच्या अंगावर गेलं नाही. म्हातारे खाली बघत राहिले, कारण बोलणं बंद करणाऱ्यांत ते सगळेच होते. मग चार-पाच जणांना घेऊन तो तिच्या आईच्या दारात गेला आणि अंगणात उभं राहून त्यानं पुन्हा सगळं सांगितलं.

"आई काय म्हणाली?"

"तिनं त्याला एवढंच विचारलं, की अब्बा खोलीतून निघून गेले त्या दिवशी जेवून गेले होते का."

"मग?"

"त्याला सांगता आलं नाही," नफिसा म्हणाली. "त्या दिवसांत अब्बांना कोणी काही विचारतच नव्हतं."